चिनी कवितेतला 'झोंग': देशभक्ती, स्वामिनिष्ठा की आणखी काही?

प्रश्न
जुन्या चिनी भावकविता मराठीत आणायचं चाललंय. छू युआन, लू यो, वेन तियानश्यांग या सगळ्यांवर 'देशभक्त कवी' असा शिक्का असतो. त्यांच्या संदर्भात सारखा येणारा शब्द 'झोंग', म्हणजे ढोबळमानाने 'निष्ठा'. पण 'देशभक्ती' लिहिलं की प्रभातफेरी आणि झेंडावंदन डोळ्यांपुढे येतं. दुसरा शब्द सुचवा. शिवाय या कवींच्या गुणांना 'चारित्र्य' म्हणावं का?

प्रतिसाद
'झोंग' लिहिताना वर 'मध्य' आणि खाली 'हृदय' अशी चिन्हं असतात. वरचं चिन्ह मुख्यतः उच्चारासाठी आहे, त्यामुळे त्यातून फार तत्त्वज्ञान काढू नका. छू युआनपुरतं 'स्वामिनिष्ठा' चालेल. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या-तिसऱ्या शतकातला, छू राज्याच्या दरबारातला हा माणूस. राजाने त्याला दूर केलं. त्या काळी चीनमध्ये सात मोठी राज्यं एकमेकांशी भांडत होती आणि शहाणी माणसं एका दरबारातून दुसऱ्या दरबारात सर्रास जात. त्यात कुणाला गद्दारी वाटत नसे. हा मात्र गेला नाही.

त्याच्या 'ली साव' या दीर्घ कवितेचा शेवट पाहा. कवी आकाशमार्गाने दूर निघालाय, थाट मोठा आहे, आणि अचानक खाली जुनं गाव दिसतं. सारथी गलबलतो, घोडा मान वळवून पाहतो आणि पाऊल टाकेनासा होतो. याला मी 'ओढ' म्हणेन. भक्तीबिक्ती नंतर.

प्रतिसाद
'चारित्र्य' नकोच. आता तो शब्द पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीत आणि बायकांविषयीच्या कुजबुजीत अडकलाय. 'शील' बरा.

'ली साव'मध्ये शील अंगावर घालायची गोष्ट आहे. कवी कमळाच्या पानांचं वस्त्र करतो, सकाळी मॅग्नोलियावरून ओघळलेलं दव पितो, संध्याकाळी शेवंतीच्या गळलेल्या पाकळ्या खातो. सुगंधी वनस्पती म्हणजे सद्गुण, आणि त्या टाकून रानगवत माळणारे म्हणजे दरबारी. तिथला 'श्यू' हा शब्द नटण्यासाठीही आहे आणि स्वतःला घडवण्यासाठीही. मराठीत 'संस्कार' त्याच्या जवळ जातो, पण शाळेच्या भिंतीवरचा 'संस्कार' नव्हे.

प्रतिसाद
'स्वामिनिष्ठा' वेन तियानश्यांगला लावून पाहा, लगेच तोकडी पडते. तो सोंग घराण्याचा अधिकारी. त्या दरबाराने १२७६ मध्ये मंगोलांपुढे शरणागती पत्करली. म्हणजे स्वामीनेच हात टेकले, तरी हा लढत राहिला. पुढे पकडला गेला. १२७९ मध्ये शत्रूच्या सेनापतीने त्याला उरलेल्या सोंग सैन्याला शरण येण्याचं पत्र लिहायला सांगितलं, तेव्हा त्याने आपली कविता पुढे केली. तिचा शेवट असा: मरण कुणाला चुकलंय? 'दान शिन' मागे ठेवू, 'हान छिंग' उजळू दे.

दान शिन म्हणजे हिंगुळासारखं लाल काळीज. हान छिंगचा शब्दशः अर्थ 'घामेजलेलं हिरवं'. कागदाआधी बांबूच्या पट्ट्यांवर लिहीत. ओला बांबू विस्तवावर धरला की त्यातून घामासारखं पाणी सुटतं. मग तो वाळतो आणि कीड लागत नाही. त्यावरून हान छिंग म्हणजे इतिहासग्रंथ. मराठीत सरळ 'बखर' लिहा. 'इतिहासाची पानं' लिहिलंत तर बांबूही जातो आणि घामही.

१२७९ मध्येच सोंग घराणं संपलं. मंगोल सम्राट कुब्लाई खानाने मोठं पद देऊ केलं, ते वेनने घेतलं नाही. १२८३ मध्ये मारला गेला. राजा नाही, राज्य नाही, मग निष्ठा कुणाशी? माझं मत 'सत्त्व'. तुरुंगातल्या कवितेत तो 'झंग छी' म्हणतो, म्हणजे सरळ, ताठ वृत्ती; तिथे 'सत्त्व' नेमकं बसतं. आपल्याकडे हरिश्चंद्राचं राज्य गेलं तरी 'सत्त्व राहिलं' म्हणतात, ते हेच.

मूळ प्रश्नकर्ता
पटलं. छू युआनला ओढ आणि शील, वेनला सत्त्व. सगळीकडे एकच शब्द ठेवायचा हट्ट सोडतो.

लू योसाठी मात्र 'देश' लागेलच. जन्म ११२५ चा, आणि दोनच वर्षांत उत्तर चीन सोंगांच्या हातून जिन या परक्या घराण्याकडे गेला. १२१० मध्ये मरताना मुलांना लिहिलेल्या चार ओळींत तो म्हणतो की फौजा उत्तर परत घेतील त्या दिवशी घरच्या पूजेत मला सांगायला विसरू नका. तिथे 'श्राद्ध' लिहू का?

प्रतिसाद
नको, पिंड आणि कावळा येईल. 'पितरांना नैवेद्य दाखवाल तेव्हा' असं करा. आणि 'मला' नको. मूळात तो स्वतःला 'तुमचा बाप' म्हणतो. तेच ठेवा, 'वडील' करू नका.