७३७: एफएसएक्सवालं जुनं मस्त चाललंय, तरी नवीन घ्यावं का?

सिंहगडरोड_७३७:

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा. माझ्याकडे पीएमडीजी कंपनीचं बोईंग ७३७ एनजीएक्स आहे, तेच २०११ चं, पीसीवरच्या एफएसएक्स या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या विमान सिम्युलेटरवालं. शनिवारी रात्री जेवणं आटपली की मी पुणे-दिल्ली नाहीतर पुणे-बंगळूर मारतो, गेली कितीतरी वर्षं हेच चाललंय. ओव्हरहेड पॅनल हाताला पाठ झालंय, बॅटरी, एपीयू, आयआरएस, फ्युएल पंप, कुठलं बटण कुठे ते बघावंच लागत नाही, अंधारात जिन्याच्या पायऱ्या उतरतो ना तसं. आता दिवाळीत नवीन पीसी घेतला (घरी सांगितलंय मुलीच्या कॉलेजसाठी, आणि ते अर्धं खरंच आहे) तर एमएसएफएस (मायक्रोसॉफ्टचा नवा सिम्युलेटर) चालेल असं दिसतंय, आणि त्याच कंपनीचं ७३७-८०० तिथेही निघालंय पण जुनं लायसन्स तिथे चालत नाही, परत पूर्ण पैसे.

मला चित्रं नको दाखवू कोणी, यूट्यूबवर सगळी बघून झाली. माझा प्रश्न एवढाच की विमान म्हणून खरंच पुढचं आहे का, का तेच विमान धुऊन पॉलिश करून दिलंय? दोन्ही उडवलेल्यांनीच सांगा प्लीज. आणि फ्रेम रेटची भांडणं या धाग्यात नकोत, हात जोडतो.

वाघोली_फायनल:

दादा, दोन्ही उडवलंय, जुनं सात-आठ वर्षं आणि नवीन -८०० दोनेक वर्षं. सरळ सांगतो, विमानाचं डोकं तेच आहे. व्हीनॅव्ह, एलनॅव्ह (उंची आणि मार्ग आपोआप धरणारे मोड), ऑटोब्रेक, हायड्रॉलिक्स, विमान वापरून झिजत जाऊन होणारे बिघाड, हे सगळं एनजीएक्समध्ये तेव्हाच होतं आणि म्हणूनच तर लोक वेडे झाले होते. तुमचा चेकलिस्टचा कागद नव्यात जवळजवळ जसाच्या तसा चालेल. सिस्टिम शिकायला म्हणून पैसे घालणार असाल तर घालू नका, तुम्हाला त्या येतातच.

फरक कुठे आहे ते सांगतो. एक म्हणजे ३२ बिट. एफएसएक्सला विंडोज ४ जीबीच्या वर मेमरी वापरू देत नाही, मग तुमच्याकडे रॅम ६४ जीबी का असेना. दिल्लीची भारी सीनरी टाकून, ट्रॅफिक लावून, दीड तास उडून डिसेंटला लागलं की मेमरी संपत आल्याचं एफएसयूआयपीसी या ॲड-ऑनचं ते टिंग टिंग सुरू व्हायचं, आठवतंय का? मी तर टिंग ऐकलं की बाहेरचा व्ह्यू बंद, टेक्स्चर कमी, आणि देवाचं नाव. लँडिंगपेक्षा त्या टिंगचीच भीती जास्त असायची. ते टेन्शन आता संपलं, आणि माझ्यासाठी अर्धे पैसे तिथेच वसूल झाले.

दुसरं म्हणजे जमीन. एफएसएक्समध्ये जमिनीचं घर्षण मुळातच जास्त होतं, ब्रेक सोडले तरी विमान पाण्यातल्या म्हशीसारखं बसून राहायचं, मग थ्रस्ट दिला की एकदम सुटायचं आणि वळणावर ब्रेकवर उभं राहावं लागायचं. नव्यात हलकं विमान जवळजवळ आयडलवरच सरकायला लागतं, भरलेलं असेल तर किंचित रेटा. उलट क्रॉसविंडमध्ये रनवेवर नाक वाऱ्याकडे जरा जास्तच ओढतं असं मला वाटतं, पण ते सिमचं असावं, विमानाचं नाही.

आणि तिसरं म्हणजे रात्र. जुन्या कॉकपिटमध्ये दिवे लावले की फोटोवर टॉर्च मारल्यासारखं दिसायचं. आता डोम लाईट बंद करून पॅनलची फ्लड लाईट हळूहळू वाढवा, ग्लेअरशील्डखालून उजेड खाली सांडतो तो नुसता बघत बसाल. परवा रात्री पावसात वाघोलीकडून पुण्याच्या रनवे २८ ला येत होतो, काचेवरचे थेंब वायपरने बाजूला होतायत, आणि लोहगावचा रनवे काही दिल्लीसारखा लांबलचक नाही, अडीच किलोमीटरच्या आसपास, त्यात उंची १९०० फुटांच्या वर, म्हणजे खरा वेग मीटरवर दिसतो त्याहून थोडा जास्तच. फ्लॅप ३०, ऑटोब्रेक ३. जुन्यात हेच लँडिंग शेकडो वेळा केलंय, पण तळहाताला घाम पहिल्यांदा आला.

टॅब्लेटचं सांगायचं राहिलं. इंधन, माणसं, दारं, जीपीयू (जमिनीवरून दिलेली वीज) हे सगळं आधी एफएमसीच्या, म्हणजे विमानातल्या फ्लाईट कॉम्प्युटरच्या, मेन्यूत शिरून करायचो, आता खिडकीपाशी टॅब्लेट आहे, सिमब्रीफ या साइटवर बनवलेला प्लान त्यात येतो. सोय आहे, पण त्याच्यासाठी कोणी एवढे पैसे देऊ नये.

घाटमाथ्यावरचा_ढग:

वरच्यांशी सहमत पण एक गोष्ट कोणी सांगत नाही, माऊस!! जुन्यात एमसीपीच्या (ऑटोपायलटच्या पॅनलच्या) नॉबवर डावं क्लिक कमी आणि उजवं क्लिक जास्त, ही सवय दादांच्या बोटात मुरलेली असणार. एमएसएफएस पहिल्यांदा लावलं की नॉबवर क्लिक केल्यावर तो निळा होऊन माऊसला धरून ठेवतो, हेडिंग फिरवायला गेलो आणि ॲप्रोचमध्ये चक्क ऑल्टिट्यूड फिरवला मी. पहिल्याच दिवशी ऑप्शनमध्ये जाऊन कॉकपिट इंटरॅक्शन 'लॉक'वरून 'लेगसी' करा, मग चाकाने फिरतं आणि डोकं शांत राहतं. मी याच्यामुळे रिफंड मागायला निघालो होतो 😅

दुसरं, पैसे घालायच्या आधी फुकटात मशीन तपासून घ्या ना. फ्लायबायवायरचं ए३२०निओ फुकट आहे आणि चांगलंय, ते टाकून आठ दिवस उडवा, नवीन पीसी किती दम धरतो ते कळेल. बोईंगच हवं असेल तर एक्स-प्लेनवर झिबोचं ७३७-८०० आहे, तेही फुकट, फक्त सिम विकत घ्यावं लागेल. आणि जागा बघून ठेवा, एमएसएफएस २०२० साठी मायक्रोसॉफ्ट स्वतःच १५० जीबी सांगते, जमीन नेटवरून येते ते वेगळंच. आमच्याकडे गुरुवारी लाईट गेली की राउटर बंद, मग सगळा सह्याद्री एकदम गुळगुळीत. 🙏

पेन्शनीतला_पायलट:

मी अजून जुनंच उडवतो आणि नवंही घेतलंय, मुलाने वाढदिवसाला दिलं. माझा अनुभव जरा वेगळा, आणि त्यात माझीच फजिती आहे. नवं लावलं आणि टेकऑफला विमान दर वेळी डावीकडे. इंजिनं ४० टक्के एन१ ला (एन१ म्हणजे इंजिनच्या पंख्याचा वेग) स्थिर करायची, मग टोगा (टेकऑफ थ्रस्टचं बटण) दाबायचा, सगळं नियमाने, तरी ऐंशी नॉट्सपर्यंत नाक गवताकडे. दोन दिवस मी त्या ॲड-ऑनला शिव्या घातल्या, नातवासमोर सुद्धा, म्हटलं जुनं कसं सरळ जायचं. मग कळलं की जुन्या सिममध्ये मी फार पूर्वी डेड झोन (दांडी जितकी हलली तरी सिम दुर्लक्ष करतं ती हद्द) भरपूर वाढवून ठेवला होता आणि विसरून गेलो होतो. दोष निघाला माझ्या जॉयस्टिकचा, पिळून रडर द्यायचा असतो ना, त्याचं पोटेन्शिओमीटर झिजलंय. ती बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानातून घेतली होती, 'एकदम नवीन पीस काका' म्हणून, खोक्याला चिकटपट्टी दुसऱ्यांदा लावलेली होती तेव्हाच कळायला हवं होतं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, पाच-सहा टक्के डेड झोन दिला, आता सरळ जातं.

तर प्रश्नकर्ते साहेब, तुलना करताना दोन्हीकडे कंट्रोलचं सेटिंग एकसारखं आहे का ते आधी बघा, नाहीतर तुलना विमानांची होत नाही.

नकाशाचंही बोलतो. जुन्या एफएमसीत व्हीओजीए टाकून बघा, म्हणजे गोव्याचं मोपा. माझ्याकडे 'नॉट इन डेटाबेस' येतं, येणारच, ते विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झालं आणि माझा डेटा कधीचा. एआयआरएसी, म्हणजे हा नकाशाचा डेटा, दर २८ दिवसांनी बदलतं, पैसे भरून जुन्या एफएमसीतही नवा डेटा टाकता येतो हे खरं, पण जुन्या सिममध्ये तिथे रनवेच नाही, उतरणार कुठे, काजूच्या बागेत?

सिंहगडरोड_७३७:

सगळ्यांचे आभार, खरंच. पेन्शनीतले काका, तुमचं वाचून मी आधी जाऊन माझं कॅलिब्रेशन बघितलं, माझाही डेड झोन १५ वर ठेवलेला निघाला, कधी केला देव जाणे. आणि मोपाचं पण करून बघितलं, तेच, नॉट इन डेटाबेस.

या आठवड्यात फुकटवालं एअरबस टाकलं. उडतंय छान, पण मधे योक नाही, बाजूला दांडी, आणि ऑटोथ्रस्टवर थ्रस्ट लिव्हर जागचे हलतच नाहीत, मला ते घरातल्यासारखं वाटेना. म्हणजे उत्तर बहुतेक मिळालंच म्हणा. वाघोली भाऊ, एकच विचारतो, -७०० आणि -८०० मधलं कुठलं घेऊ? इथे सगळे -८०० म्हणतात.

वाघोली_फायनल:

-८०० घ्या, तुमचा हात त्यावरच बसलाय. आणि कार्डाने डॉलरमध्ये देताना बँक वर फॉरेक्स मार्कअप आणि त्यावर जीएसटी लावते ते धरून चाला, मी धरलं नव्हतं आणि स्टेटमेंट बायकोने आधी बघितलं.

सिंहगडरोड_७३७:

म्हणजे ते पण मुलीच्या कॉलेजमध्ये टाकावं लागणार. शनिवारी पहिली फ्लाईट पुणे-मोपा, उतरलो की फोटो टाकतो.