पानगळीचा पाला: आवारातच मुरवावा की आवाराबाहेर काढावा?

कोथरूडकर

फाल्गुन लागला की पुण्यातल्या बहुतेक जुन्या सोसायट्यांच्या आवारात एकच काम दिवसभर चालते, ते म्हणजे पाला झाडणे. पर्जन्यवृक्ष, पिंपळ, शिरीष आणि देशी बदाम ही झाडे नवी पालवी फुटण्याआधी जुनी पाने टाकतात. सकाळी झाडलेले आवार दुपारी पुन्हा भरते, कोपऱ्यात ढीग साठतात आणि अंधार पडल्यावर त्यांतल्या एखाद्या ढिगातून धूर येऊ लागतो. माझे मत असे आहे की हा पाला जाळू तर नयेच, पण कचऱ्याच्या गाडीतही देऊ नये. तो ज्या झाडांखाली पडला त्याच आवारात मुरवावा आणि ही जबाबदारी सोसायटीने स्वतःची मानावी.

उघड्यावर कचरा जाळण्यास 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी मनाई केली, आणि बागेतला कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवण्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर टाकली. त्यामुळे जाळण्याच्या बाजूने वाद घालायला जागा उरलेली नाही, असे मला वाटते. जळणारा पाला अर्धवट ओला असतो, तो धड पेटत नाही, धुमसत राहतो. त्या धुरातले सूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड सर्वांत आधी तळमजल्यावरच्या घरांत शिरतात, आणि अनेक सोसायट्यांत तळमजल्यावर वृद्ध माणसेच राहतात.

मला अधिक खटकते ती पुढची गोष्ट. मार्चमध्ये पोतीच्या पोती पाला बाहेर काढणारी हीच कुटुंबे जूनमध्ये कुंड्या भरण्यासाठी कोकोपीट आणि गांडूळखताच्या पिशव्या विकत आणतात. तारेच्या जाळीचा तीन फूट रुंद आणि चार फूट उंच गोल उभा करावा, त्यात पाला पायाने दाबून भरावा, प्रत्येक थरावर पाणी आणि थोडा शेणकाला किंवा आंबट ताक शिंपडावे आणि ओल टिकवावी, एवढेच यात करायचे असते. गुलमोहर आणि शिरीषाची बारीक पाने पावसाळ्यातच मुरतात, बदाम आणि फणसाच्या जाड पानांना बराच अधिक काळ लागतो. तळाचा थर हाताने उचलून पाहावा: पानांच्या शिरा तेवढ्या ओळखू येतात, त्यांच्यामधून बुरशीचे पांढरे धागे गेलेले असतात आणि वास कुजल्याचा नसतो, ओल्या मातीचा असतो.

सचिव, ठाणे

आपला हेतू मला मान्य आहे, तरीही सोसायटीच्या कामकाजाच्या अनुभवावरून मी विरुद्ध मत मांडतो. आमच्या इमारतीला मोकळी जागा म्हणजे दोन्ही बाजूंची गाड्यांची रांग आणि मागे विजेच्या मीटरची खोली. एप्रिलच्या उन्हात वाळलेल्या पाल्याने भरलेली जाळी गाड्यांपासून दहा फुटांवर उभी करायची, आणि कोणी जळती काडी टाकली तर उत्तर समितीने द्यायचे, हे मला पटत नाही. पाला ओला ठेवा असे आपण म्हणता. परंतु मे महिन्यात पाण्याचे टँकर मागवणाऱ्या सोसायटीत पाल्यावर रोज पाणी मारण्याचा ठराव कोण मांडणार?

दुसरा प्रश्न मजुरीचा आहे. आमच्याकडे झाडायला येणाऱ्या मावशींचा करार झाडणे आणि कचरा गाडीपर्यंत नेणे, एवढाच आहे. पाला वाहून नेणे, दाबणे, भिजवणे ही कामे त्यांच्यावर आपोआप जाऊन पडतील आणि त्यांचे पैसे मात्र वाढणार नाहीत, हे मी अनेक चांगल्या उपक्रमांच्या बाबतीत पाहिले आहे. महापालिकेने पानगळीच्या काळात पाला वेगळा गोळा करून एका ठिकाणी त्याचे खत करावे, हा मार्ग मला अधिक न्याय्य वाटतो.

रत्नागिरीहून

हा धागा वाचताना जाणवते की चर्चा फक्त शहरी सोसायटीची चालली आहे. आमच्याकडे घर म्हणजे घराभोवतीची आंबा, काजू, फणसाची झाडे, जांभ्याचा गडगा आणि पुढचे खळे. आंबा ऐन हंगामात असताना झाडांखाली वाळक्या पानांचा थर असतो आणि त्याच झाडांखाली आमची माणसे दिवसभर वावरतात. कोकणात फुरसे हा विषारी साप किती आहे हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. पाल्याच्या आणि दगडांच्या रंगात ते असे मिसळून जाते की पाय पडेपर्यंत दिसत नाही. विंचवाचेही तेच. घराजवळ पाल्याचा ढीग राखून ठेवा, असा सल्ला लहान मुले असलेल्या कोकणातल्या घराला मी देणार नाही. तो झाडून दूर करणे ही आमच्याकडे जिवाची काळजी आहे.

जाळण्याबद्दलही एक बाजू सांगितली पाहिजे. फाल्गुन-चैत्रात आमच्याकडे भाजावळ होते. ज्या तुकड्यात भाताचा तरवा, म्हणजे लावणीसाठीची रोपे, टाकायचा, त्यावर ऐन, किंजळ या झाडांची तोडलेली कवळे (पानांसकट फांद्या), शेण, पालापाचोळा आणि गवत यांचे थर देऊन वर माती पसरतात आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन ते भाजतात. त्या आचेने वरच्या मातीतले तणाचे बी मरते, राखेतून पालाश (पोटॅशियम) मिळते, माती भुसभुशीत होते आणि लावणीच्या वेळी रोप मुळासकट सहज उपटून येते. ज्याने भर पावसात वाकून तरव्यातले तण काढले आहे, त्याला या आगीची किंमत कळते. शहरातल्या कोपऱ्यात पेटवलेला ढीग आणि ही भाजावळ एकाच तराजूत घालू नयेत, ही माझी विनंती आहे.

नेरळजवळून

मी स्वतः भातशेती करतो, म्हणून वरच्या प्रतिसादाच्या दुसऱ्या भागापुरते लिहितो. भाजावळीचे जे फायदे सांगितले ते खरे आहेत. आपले वाडवडील उगाच एवढे कष्ट करत नव्हते. तरीही तिची किंमत पूर्ण मांडली गेली नाही. पाला, शेण आणि कवळे यांतला नत्र (नायट्रोजन) आणि सेंद्रिय कर्ब (कार्बन) धुरावाटे निघून जातो, मागे राहते ती राख. कवळांसाठी दरवर्षी ऐन आणि किंजळ खोडापर्यंत बोडके होतात. त्या मोळ्या डोंगरावरून डोक्यावर घेऊन उतरण्याचे काम बहुतेक घरांत बायकाच करतात.

याला पर्याय आपल्याच भागात तयार झाले आहेत. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातलागवडीत रोपवाटिकेच्या मातीत भाताच्या तुसाची काळी राख मिसळतात आणि चिखलणीच्या आधी गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) हिरवा पाला खाचरात घालतात. राखेतल्या सिलिकामुळे रोप काटक होते, आणि तण काढण्याचे श्रम जरी उरले तरी जंगल तोडावे लागत नाही. आमच्या नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा भात तंत्रात तर नांगरणी, चिखलणी आणि लावणी या तिन्ही गोष्टी वगळून गादीवाफ्यावर थेट बी टोकतात. जिथे तरवाच नाही तिथे भाजावळीचे कारणही राहत नाही. त्या पद्धतीत तणनाशक वापरावे लागते, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो रास्त आहे. पण भाजावळीला पर्याय नाही, असे आता म्हणता येणार नाही.

फुरशाबद्दल मात्र रत्नागिरीच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे. घराच्या पायाला लागून पाला नकोच.

अकोल्याची बाग

पाला हेच कुंडीचे खत, या मूळ लेखातल्या समजुतीला मला हरकत घ्यायची आहे, कारण ती वाचून अनेक जण कुंड्यांचे नुकसान करून घेतील. झाड पान टाकण्याआधी त्यातला बराचसा नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) परत ओढून घेते. खाली पडते ते पान कर्बाने भरलेले आणि नत्राला गरीब असते. खत नीट होण्यासाठी कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण 30 ला 1 असावे लागते, आणि वाळक्या पानांत कर्ब त्याहून पुष्कळ जास्त असतो. असा कच्चा पाला मातीत मिसळला की तो कुजवणारे जिवाणू मातीतलाच नत्र वापरतात आणि झाड पिवळे पडते. म्हणून कच्चा पाला कुंडीत कालवू नये. तो मातीवर दोन-तीन इंच पसरावा, खोडापासून चार बोटे दूर ठेवावा, नाहीतर वाळवी आणि खोडकूज यांना आमंत्रण मिळते. मुरलेला पालाही गांडूळखताची जागा घेत नाही. तो माती मोकळी करतो आणि पाणी धरून ठेवतो. खत वेगळे द्यावेच लागते.

असे असूनही मी पाला आवारात ठेवण्याच्याच बाजूची आहे, आणि त्याचे कारण आमचा उन्हाळा आहे. अकोल्यात एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 अंशांवर जातो. गच्चीवरच्या उघड्या कुंडीची माती सकाळी पाणी घालूनही दुपारी भेगाळते, आच्छादन घातलेली कुंडी त्याच दिवशी संध्याकाळी बोट खुपसले तर आत गार लागते. पाण्याची चिंता असलेल्या ठाण्याच्या सचिवांनी हा हिशेबही धरावा. जाळीतला पाला मात्र आमच्याकडे उघड्या उन्हात मुरतच नाही, नुसता वाळून खडखडतो. जाळीला सावली हवी आणि वर ओले गोणपाट हवे.

नाशिककरीण

इतका वेळ जागा, आग, नत्र आणि साप यांचा विचार झाला. घरातल्या कामांच्या रांगेत हे काम कुठे बसवायचे, याचा विचार झालेला नाही. पानगळीचे दिवस हेच घरातल्या सर्वांत मोठ्या कामाचे दिवस असतात. पाडव्याच्या आधी घराची साफसफाई असते, चैत्रात गौरीचे हळदीकुंकू असते, वर्षाचा गहू-तांदूळ निवडून, ऊन दाखवून भरायचा असतो, आणि या सगळ्यात वाळवणे असतात. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचे, वाटून चीक काढायचा, तो शिजवताना हात थांबवायचा नाही आणि ऊन चढायच्या आत सोऱ्यातून गच्चीवरच्या कापडावर घालून मोकळे व्हायचे. ज्या गच्चीवर हे चालते, तिथेच वाळक्या पाल्याचा चुरा करून ड्रम भरावा, असे मला मागच्या वर्षी सुचवले गेले. पाल्याचा चुरा वाऱ्याबरोबर ओल्या कुरडईवर बसला की तो निघत नाही.

सचिवांनी झाडणाऱ्या मावशींच्या मजुरीचा प्रश्न काढला, तो मला फार महत्त्वाचा वाटला. तोच प्रश्न घरातही विचारा. पाला मुरवावा असे ठरवणारी व्यक्ती आणि रोज त्यावर पाणी घालणारी व्यक्ती एकच असेल, तर माझी काहीच हरकत नाही. ते काम घरातल्या बाईच्या यादीत आणखी एक ओळ म्हणून येणार असेल, तर तो पाला गाडीत जाऊ द्यावा, असे मी स्पष्टपणे म्हणते. सडा घातलेले स्वच्छ अंगण पाहून समाधान मिळते, त्यालाही मागासलेपणा समजू नये.

कोथरूडकर

अकोल्याहून आलेली दुरुस्ती मी मान्य करतो आणि वाचणाऱ्यांनी तीच पद्धत धरावी. कोकणातल्या घरांना माझा आग्रह लागू नाही, हेही स्पष्ट करतो. तिथे पाला घरापासून दूर, झाडांच्या आळ्यात जावा.

महापालिकेवर काम सोपवण्याच्या मताशी मात्र मी सहमत होऊ शकत नाही. पाला वजनाला हलका आणि आकाराने मोठा असतो, त्यामुळे गाडी काही ढिगांतच भरते आणि ती ने-आण करण्यात इंधन आणि माणसे खर्ची पडतात. गाडी उशिरा आली की कोपऱ्यातला ढीग पेटतो, आणि मूळ प्रश्न तिथेच राहतो. शिवाय 2016 च्या नियमांत पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या वसाहतींनी कुजणारा कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, हीच अपेक्षा होती. श्री. अ. दाभोळकरांनी कोल्हापुरात शेतीचे प्रयोग करणाऱ्यांचा प्रयोग परिवार उभा केला तेव्हापासून महाराष्ट्रात कितीतरी लोकांनी पालापाचोळ्यापासून माती घडवली आहे. त्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. लागतो तो कामाचा वाटा, आणि तो घरातल्या व सोसायटीतल्या पुरुषांनीही उचलावा, हे नाशिकचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. गच्ची वाळवणासाठी मोकळी राहावी, जाळी खाली झाडाच्या सावलीत असावी.

सचिव, ठाणे

मी समितीपुढे हा विषय ठेवीन, परंतु पुढील गोष्टी लेखी मिळाल्यावरच. जाळी कोणत्या झाडाखाली उभी राहील आणि मीटरच्या खोलीपासून व गाड्यांपासून ती किती अंतरावर असेल, ते नकाशावर दाखवावे. पिण्याचे पाणी वापरले जाणार नाही. टाकी धुताना निघणारे पाणी साठवून घ्यावे. मावशींना पाला वाहण्याचे वेगळे पैसे फाल्गुन ते वैशाख दरमहा द्यावेत आणि ते देखभाल खर्चातून जावेत. पाणी घालणाऱ्या सभासदांची नावे वारानुसार फलकावर लागावीत, आणि एका घरातून एकच नाव दोनदा येऊ नये. एवढे झाले तरी पूर्ण पाला आवारात मावेल असे मला वाटत नाही. बदामाची पाने आम्ही गाडीतच देऊ, यावर मी ठाम आहे.

रत्नागिरीहून

नेरळच्या शेतकऱ्यांना विचारायचे आहे की कातळावरच्या उथळ मातीत गादीवाफे पहिल्या जोराच्या पावसात टिकतात का. आमच्या वाडीत यंदा दोन गुंठ्यांवर तरवा न भाजता तुसाची राख घालून पाहू, असे काही जण म्हणत आहेत. बाकीच्या जमिनीत भाजावळ होईल, कवळे कधीच तोडून ठेवली आहेत.