विषय: आई-बाबांचा पत्ता बदलायचाय. पोस्टात कळवलं, आणखी कुठे?

नमस्कार मंडळी,

मी पूर्वी आपल्याच मंडळात होते, आता शार्लटला (नॉर्थ कॅरोलायना) असते. आई-बाबा गेली ११ वर्षं एडिसनला (न्यू जर्सी) दादाकडे आहेत. २८ जूनला त्यांना कायमचं माझ्याकडे आणतेय. बाबा ८१ वर्षांचे, अमेरिकन नागरिक. त्यांना एसएसआय (कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना दरमहा मिळणारी सरकारी मदत), मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा) आणि एक मेडिकेअर ॲडव्हान्टेज प्लॅन (ज्येष्ठांच्या सरकारी विम्याचा, खासगी कंपनीमार्फत मिळणारा प्रकार) आहे. आईचं ग्रीन कार्ड आहे. पोस्टाच्या वेबसाइटवर दोघांचा पत्ता बदलला. दादा म्हणतो एवढं पुरे, पैसे थेट बँकेतच जमा होतात. पण मला धाकधूक वाटते. बाबांना कमी ऐकू येतं आणि इंग्रजीत फोनवर बोलायचं म्हटलं की ते गप्पच होतात. माझ्याकडे त्यांची पॉवर ऑफ ॲटर्नी (मुखत्यारपत्र) आहे, त्यावर मीच सगळं उरकलं तर चालेल ना?

– शार्लटची ताई

—

ताई, नमस्कार.

वेळेवर विचारलंत, बरं झालं. पोस्टाचा बदल म्हणजे आलेलं टपाल काही महिने नव्या घरी वळवणं, एवढंच. सोशल सिक्युरिटीला (एसएसआय देणाऱ्या सरकारी खात्याला) त्यातून काही कळत नाही, इमिग्रेशनलाही नाही. सरकारी पाकिटांवर बरेचदा ‘पुढे पाठवू नका’ अशी सूचना असते, ती पाकिटं नव्या घरी न येता पाठवणाऱ्याकडे परत जातात.

आधी बाबांचं. एसएसआय असल्यामुळे १-८००-७७२-१२१३ वर फोन करा किंवा जवळच्या सोशल सिक्युरिटी कार्यालयात जा. ज्या महिन्यात घर बदललं, त्याच्या पुढच्या महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं, म्हणजे तुमच्यासाठी १० जुलै. उशीर झाला तर २५ ते १०० डॉलर दंड कापू शकतात. फोन सोमवार ते शुक्रवार सकाळी ८ ते संध्याकाळी ७ चालू असतो. सकाळी, आणि आठवड्याच्या किंवा महिन्याच्या शेवटी केलात तर कमी ताटकळावं लागतं.

ते नुसता पत्ता विचारणार नाहीत. घर कोणाचं, भाडं किंवा हप्ता कोण भरतं, बाबा त्यात किती देतात, हेही विचारतील, कारण एसएसआयची रक्कम त्यावर ठरते. मुलीच्या घरी फुकट राहतो म्हणायला वडील मंडळींना संकोच वाटतो, पण जे आहे ते तसंच सांगा. जेवणाचा खर्च मात्र ३० सप्टेंबर २०२४ पासून ते धरत नाहीत, तेव्हा कुणाच्या ताटात जेवतात याची काळजी नको. न्यू जर्सी राज्य एसएसआयमध्ये स्वतःची थोडी भर घालतं, ती तिकडे गेल्यावर बंद होईल. जुलैनंतर रक्कम कमी दिसली तर दचकू नका.

पॉवर ऑफ ॲटर्नीबद्दल: सोशल सिक्युरिटी ती मानत नाही. बाबांचे व्यवहार तुम्हाला सांभाळायचे असतील तर ‘रिप्रेझेंटेटिव्ह पेयी’ (त्यांच्या वतीने पैसे घेऊन सांभाळणारी व्यक्ती) म्हणून वेगळी नेमणूक करून घ्यावी लागते, पण बाबांचं डोकं शाबूत असताना त्याची गरजच काय? बाबांना शेजारी बसवा, फोन स्पीकरवर ठेवा. स्वतःची ओळख ते पटवून देतील आणि ‘माझी मुलगी माझ्यासाठी बोलेल’ असं सांगतील, की पुढे तुम्ही बोला. दुभाषी विनामूल्य मिळतो. भाषा मराठी म्हणून सांगा आणि लाजू नका, तो त्यांचा हक्क आहे.

सोशल सिक्युरिटीला कळवलं की मेडिकेअरकडे नवा पत्ता जातो, प्लॅनकडे मात्र जात नाही. तुमचा प्लॅन न्यू जर्सीपुरता आहे, शार्लटला तो चालणार नाही. निघण्याआधी प्लॅनला कळवलंत तर नवा प्लॅन घ्यायला घर बदलल्याच्या महिन्यानंतर दोन पूर्ण महिने मिळतात, म्हणजे ऑगस्टअखेरपर्यंत. मेडिकेड राज्याचं असतं, तेव्हा एडिसनचं कार्ड इकडेच संपतं. नॉर्थ कॅरोलायनात एसएसआयवाल्यांना मेडिकेड मिळतं, तरी काउंटीच्या सोशल सर्व्हिसेस कार्यालयात स्वतः जाऊन खात्री करा. बाबांची औषधं महिनाभराची आधीच भरून ठेवा.

आता आईचं. ग्रीन कार्डवाल्यांनी घर बदलल्यापासून १० दिवसांत इमिग्रेशनला कळवायचं असतं. त्यासाठीचा फॉर्म एआर-११ ऑनलाइन भरता येतो, पैसे लागत नाहीत. दोन्हीकडे १० आहे म्हणून गोंधळ होतो: आईचे १० दिवस घर बदलल्यापासून मोजायचे, बाबांचा १० आकडा पुढच्या महिन्याच्या तारखेचा. आईचे दिवस आधी संपतात. आईच्या ग्रीन कार्डसाठी दादाने स्पॉन्सर म्हणून तिची आर्थिक हमी घेतली असेल आणि कधी तोही घर बदलणार असेल, तर त्यानेही ३० दिवसांत आय-८६५ हा स्पॉन्सरचा पत्ता कळवायचा फॉर्म भरावा. हे फार कमी जणांना माहीत असतं.

– ज्येष्ठ मदत गट

—

ताई, वरच्या पत्रात सगळं आलंय. तरी आमच्या घरचं सांगतो, म्हणजे दादाला दाखवता येईल.

सासूबाईंना घेऊन आम्ही गावातल्या गावात घर बदललं, जेमतेम तीन मैल. पैसे बँकेत येत होते, म्हणून मीही तुमच्या दादासारखंच म्हणालो. एसएसआयच्या फेरतपासणीचं पत्र जुन्या घरी गेलं, आमच्यापर्यंत आलंच नाही. उत्तर गेलं नाही, पैसे थांबले, पाठोपाठ मेडिकेडही. आम्हाला कळलं ते औषधाच्या दुकानात, इन्सुलिनचं पूर्ण बिल हातात पडलं तेव्हा. चूक माझी होती. सगळं पूर्ववत झालं, पण तोवर सासूबाई रोज विचारायच्या, ‘माझ्यामुळे तुम्हाला त्रास होतोय का?’ ते अजून मनातून जात नाही.

फोन झाला की तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव वहीत लिहा. पत्ता बदलल्याचं पत्र आलं तर ते जपून ठेवा. आणि दिवाळीला बाबांना भारतात न्यायचं असेल तर तेही आधी कळवा: देशाबाहेर सलग ३० दिवस झाले की एसएसआय थांबतं, आणि परत आल्यावर इथे सलग ३० दिवस राहिल्याशिवाय सुरू होत नाही.

– प्लेन्सबरोचे काका

—

दोघांचे मनापासून आभार. काकांचं पत्र दादाला फोनवर वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला प्लॅनवाल्यांना मी आजच कळवतो.

आम्ही १ जुलैला सकाळी फोन लावला. दुभाषी मिळाली. मराठी ऐकल्याबरोबर बाबा सावरून बसले. जन्मतारीख, जुना पत्ता, नवा पत्ता सगळं स्वतःच सांगितलं. घराचा हप्ता कोण भरतं विचारलं तेव्हा क्षणभर थांबले, मग म्हणाले, ‘मुलगी भरते.’ मला एक शब्द बोलावा लागला नाही. आईचा एआर-११ त्याच दुपारी भरला, पावती छापून वहीत लावली.

काउंटीच्या कार्यालयात सोमवारी जातोय. बाबा येणार आहेत, कागदांची पिशवी त्यांनीच भरून दाराशी ठेवली आहे.

– शार्लटची ताई