टीमसाठी राबणारा साहेब : तुमचे अनुभव सांगा

गेल्या वर्षी अंधेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत माझ्याकडे 11 जणांची टीम आली. एटी अँड टी या अमेरिकन टेलिफोन कंपनीत हयात घालवलेल्या रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी 1970 साली एक विचार मांडला होता : आधी सेवक व्हा, नेतेपण त्यातून येऊ द्या. त्यांची कसोटीही सोपी, हाताखालची माणसं मोठी होतात का? मला हे मनापासून पटलं. म्हणून दर शुक्रवारी विचारू लागलो, "या आठवड्यात कशामुळे अडलात?"

तीन शुक्रवार "काही नाही सर". चौथ्याला डोंबिवलीहून येणारी एक मुलगी हळूच म्हणाली, "नऊची मीटिंग मी लोकलच्या दारात उभी राहून ऐकते. एक हात दांड्याला, एका हातात फोन." वेळ मीच ठरवली होती, कारण मी ऑफिसपासून दहा मिनिटांवर राहतो. मीटिंग साडेदहाला नेली. तुम्ही काय केलंत, काय जमलं नाही, तेही लिहा.

*

महापालिकेच्या एका रुग्णालयात मी वॉर्डची इनचार्ज सिस्टर होते, आता निवृत्त आहे. ड्युटी लिस्ट मी आधी पेन्सिलने लिहून टेबलावर ठेवायची. ज्याला त्याला अडचण असेल तिथे बारीक खूण करायला सांगायची, मग पेनाने पक्की. नाइटच्या रांगेत माझंही नाव घालायला लागले, तेव्हा कुरबुर निम्मी झाली.

पण खरा त्रास वेगळाच होता. बीपीचं एकच मशीन धड चालायचं आणि ते शोधण्यात मुलींचा जीव जायचा. इंडेंट, म्हणजे स्टोअरकडे मागणीचा कागद, भरून महिने लोटले होते. मी रोज जेवणाच्या सुट्टीत स्टोअरच्या खिडकीशी जाऊन उभी राहायची. भांडले नाही, फक्त उभी राहायची. सतराव्या दिवशी दोन मशिनं मिळाली. मुलींनी त्यांना हळदकुंकू लावलं! माझ्या सगळ्या नोकरीत त्या दिवसाइतकं समाधान क्वचित मिळालं.

*

फोर्टमध्ये अकाउंट्सचं काम. 11 तारखेला जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीच्या बिलांचं जीएसटी विवरणपत्र, भरायच्या घाईत आमच्या पोरानं एक बिल भलत्याच जीएसटी नंबरावर टाकलं. पुढच्या महिन्यात दुरुस्ती करता येते, पण क्लायंट भडकला. मी एकटाच गेलो आणि सांगितलं, "तपासायचं काम माझं होतं." पोराचं नाव घेतलं नाही. दोन महिन्यांनी तोच पोरगा स्वतःहून आला, "सर, कालच्या फाइलमध्ये माझी चूक आहे, अजून भरलेली नाही."

*

माझा अनुभव उलटा आहे. विक्रोळीत डिझाइन टीम सांभाळताना, सेवा म्हणजे सगळ्यांचं काम आपण उरकायचं, असं मी धरून चालले. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत त्यांच्या फायली दुरुस्त करत बसायची. वर्षाअखेरीस सगळ्यात हुशार मुलानं राजीनामा दिला. म्हणाला, "मॅडम, माझं काम सकाळी उघडतो तेव्हा ते माझं राहिलेलंच नसतं." मला रडू आलं. आता चूक दिसली की फक्त तिथे खूण करते आणि शेजारी बसते. माऊस त्याच्याच हातात. वेळ जास्त लागतो, लागू दे.

*

माझे वडील डबेवाल्यांच्या एका गटाचे मुकादम होते. त्यांनी "आधी सेवक व्हा" हे शब्द कधी ऐकले नसतील. रोज स्वतःचे डबे असायचेच, वर कुणी आजारी पडलं की त्याची लाइनही तेच धरायचे. गटातली भांडणं ते संध्याकाळी सोडवायचे, डबे परत घरोघरी पोचल्यावर. आणि महिन्याच्या हिशेबात आमच्या गटात त्यांचा वाटा बाकीच्यांइतकाच असे. लहानपणी मी एकदा विचारलं, "मग मुकादम होऊन काय मिळालं?" तेव्हा ते सायकलच्या चाकात हवा भरत होते. म्हणाले, "उद्या गणपतची लाइन मला ठाऊक आहे. त्याला निवांत झोपू दे."