जलसंजीवनीत साखर कशासाठी? परासरणाचा नियम येथे उलटा का वाटतो?

प्रश्न : नर्सिंग, प्रथम वर्ष

नमस्कार. आम्हाला सध्या पेशीपटलातून होणारी पदार्थांची ने-आण शिकवली जात आहे. परासरणासाठी आम्ही बटाट्याची फोड मिठाच्या दाट पाण्यात ठेवली होती. तासाभराने ती इतकी लवचीक झाली की वाकवली तरी मोडेना. विरघळलेले पदार्थ ज्या बाजूला जास्त, त्या बाजूला पाणी जाते, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. मग जुलाब होणाऱ्या मुलाच्या पोटात आपण जलसंजीवनीतून (ओआरएस) मीठ आणि साखर घातली, तर याच नियमाने शरीरातले पाणी आतड्यात ओढले जाऊन जुलाब वाढायला हवेत; प्रत्यक्षात मूल सावरते. साखर ताकदीसाठी असते, असे मला सांगण्यात आले, पण त्याने समाधान झाले नाही.

आणखी एक शंका आहे. जलसंजीवनीच्या पाकिटावर एक लिटरसाठी सोडियम क्लोराइड (मीठ) २.६ ग्रॅम लिहिले आहे. रेणुभार ५८.५ धरून सोडियम सुमारे ४४ मिलिमोल (कणांची संख्या मोजण्याचे एकक) येते, पण पाकिटावर ७५ छापले आहे. माझे गणित कोठे चुकले?

उत्तर १ : शरीरक्रियाशास्त्राचा निवृत्त अध्यापक

तुमची शंका योग्य आहे आणि परासरणाचा नियम येथेही तंतोतंत लागू आहे. फरक एवढाच की तुम्ही मीठ-साखर आतड्याच्या पोकळीत पडून राहील असे गृहीत धरले आहे, आणि ती तशी राहत नाही.

लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर बोटांसारखे बारीक उंचवटे असतात आणि त्यांच्यावर पेशींचा एकच थर असतो. या पेशीला दोन बाजू आहेत, एक पोकळीकडची आणि दुसरी रक्ताकडची. रक्ताकडच्या पटलात सोडियम-पोटॅशियम पंप असतो, जो एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्चून प्रत्येक फेरीत तीन सोडियम आयन बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आयन आत घेतो. त्यामुळे पेशीच्या आत सोडियम नेहमीच कमी राहते आणि बाहेरचे सोडियम आत शिरायला टपलेले असते. पोकळीकडच्या पटलात एक वाहक प्रथिन आहे. सोडियमचे दोन आयन आणि ग्लुकोजचा एक रेणू असे तिघे एकत्र आले तरच ते त्यांना आत घेते. सोडियमने कितीही आग्रह केला तरी ग्लुकोजवाचून हा दरवाजा उघडत नाही. तुम्ही विचारलेल्या साखरेचे काम हेच आहे. आत आलेले सोडियम पंप लगेच शेजारच्या दोन पेशींमधल्या अरुंद जागेत ढकलतो, ग्लुकोजही वेगळ्या वाहकातून तिकडेच उतरते, तेथील द्राव दाट होतो आणि पाणी त्याच्या मागे जाते. म्हणजे तुमची बटाट्याची फोड येथेही आहे, फक्त दाट बाजू शरीराच्या आत तयार झाली आहे.

सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत जातात, ही कल्पना अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग येथील परिषदेत मांडली. कॉलऱ्यात तिचे महत्त्व फार स्पष्ट दिसते. कॉलऱ्याचे विष पेशीतील सायक्लिक एएमपी हा निरोप पोचवणारा रेणू वाढवते, क्लोराइडची वाट उघडीच राहते, क्लोराइडमागे सोडियम आणि त्यांच्यामागे पाणी पोकळीत वाहत राहते. पण सोडियम-ग्लुकोजच्या जोडीचा दरवाजा या विषाने बिघडत नाही. १९७१ साली बांगलादेश मुक्तिसंग्रामात पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला आणि शिरेतून देण्याचे सलाइन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे द्रावण नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. शरीरक्रियाशास्त्र शिकवताना याहून मोठे उदाहरण मला कधी सापडले नाही.

उत्तर २ : औषधनिर्माता

गणित चुकलेले नाही, अपुरे आहे. त्याच पाकिटावर ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम दिसेल. दोन पाण्याच्या रेणूंसह त्याचा रेणुभार २९४ आहे, म्हणजे ते सुमारे १० मिलिमोल झाले, आणि प्रत्येक रेणूतून सोडियमचे तीन आयन सुटतात. ४४ मध्ये हे ३० मिळवा. ग्लुकोज १३.५ ग्रॅम, म्हणजे १८० ने भागल्यावर तेही ७५ मिलिमोल. सोडियमइतकेच, आणि हे जाणूनबुजून ठरवलेले आहे. सगळे कण मोजले तर लिटरला २४५ मिलिमोल येतात, रक्तद्रवात ते सुमारे २९० असतात. जुन्या पाकिटात हा आकडा ३११ होता; जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये तो खाली आणला.

सायट्रेटचे शरीरात बायकार्बोनेट होते आणि जुलाबात वाढलेली रक्तातील आम्लता उतरते. पूर्वी त्या जागी खाण्याचा सोडा असे, पण दमट हवेत ग्लुकोजबरोबर त्याची पूड तपकिरी पडत असे.

उत्तर ३ : आरोग्य सेविका, कोकण

ताई, वरील सर्व हिशेब घरातल्या मापावर अवलंबून असतो, म्हणून हे लिहिते. एका घरी मी पाहिले की लिटरचे पाकीट कात्रीने कोपऱ्यावर कापून, त्यातली चिमूट चिमूट पूड स्टीलच्या पेल्यात घालून बाळाला दिली जात होती. कधी द्रावण पाणचट, कधी दाट. दाट झाले की तुमचा बटाट्याचा प्रयोग खरोखरच बाळाच्या आतड्यात घडतो आणि जुलाब वाढतात. गोड सरबते आणि बाटलीतली शीतपेये यांचेही तेच. पाकीट एकदम पूर्ण, एक लिटर पाण्यात आणि २४ तासांच्या आत संपवायचे. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. बाळ ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने द्यावे.

आमच्याकडे मीठ घातलेली तांदळाची पेज देतात, तीही या तत्त्वात बसते. पिठूळ पदार्थाचे रेणू मोठे असल्याने कणांची संख्या कमी राहते आणि ग्लुकोज हळूहळू सुटते.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. एकच विचारते. कॉलऱ्यात दरवाजा शाबूत राहतो, पण रोटाव्हायरस तर या पेशीच मारतो ना?

उत्तर १ : शरीरक्रियाशास्त्राचा निवृत्त अध्यापक

मारतो, पण सरसकट नाही. तो मुख्यतः उंचवट्यांच्या टोकाकडच्या पेशींना लागतो आणि तोही जागोजागी, त्यामुळे उरलेल्या अस्तरातून शोषण चालू राहते. उंचवट्यांच्या तळाशी असलेल्या घळींमध्ये नव्या पेशी सतत तयार होऊन वर सरकत असतात आणि चार-पाच दिवसांत टोकावरचा थर बदलतो. तेवढे दिवस मुलाच्या शरीरातले पाणी टिकवून धरणे, हे जलसंजीवनीचे काम आहे. सोबत जी जस्ताची गोळी १४ दिवस देतात, ती या अस्तराच्या दुरुस्तीला हातभार लावते.