मदत हवी आहे : ऊसतोडणीला जाणाऱ्यांचं मत आणि त्यांच्या पोरांची शाळा

नमस्कार मंडळी. आम्ही बीड जिल्ह्यातल्या एका गावातले काही जण मिळून निवेदन तयार करतोय. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयता घेऊन कारखान्यांकडे जातं. 2024 ची विधानसभा 20 नोव्हेंबरला होती अन् कारखान्यांचं ऊस गाळप 15 नोव्हेंबरपासून ठरलेलं. उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेला माणूस मुकादमाला, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराला, काय सांगणार, मत देऊन येतो म्हणून?

85 वर्षांवरच्यांना नमुना 12-ड हा अर्ज भरून घरून मत देता येतं, 40 टक्के अपंगत्व असलेल्यांनाही. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 60(क) मध्ये निवडणूक आयोगाने अधिसूचित केलेल्या वर्गांना टपाली मतदानाची सोय आहे. त्यात तोडणी कामगार घालावेत ही मागणी टिकेल का? वकील मंडळींनी जरूर सांगावं. 2022 च्या अखेरीस दूरस्थ मतदान यंत्राचा (गावापासून लांब असतानाही आपल्या मतदारसंघासाठी मत देता येईल अशा यंत्राचा) प्रस्ताव आला होता, त्याच्या भरवशावर बसण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

दुसरी मागणी शाळेची. स्थलांतरित मुलांना प्रवेश मिळेल हे बघणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 9 नुसार स्थानिक प्राधिकरणाचं काम आहे. आईबाप तोडणीला गेल्यावर पोरांना गावातच ठेवणारं हंगामी वसतिगृह आहे, पण तोडणीच्या टोळ्या निघून गेल्यावर ते सुरू झालं तर उपयोग काय? पोर तोवर उसाच्या फडावर पोचलेलं असतं. शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसरीकडच्या शाळेत बसता यावं म्हणून मिळणारं कार्ड) दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत मूल बसवलंय असं कुणी आहे का इथे?

ग्रामसभेचा ठराव सोबत जोडावा की नुसत्या सह्या पुरतील? दोन्ही मागण्या एकाच कागदावर नकोत असं माझं मत, बाकीच्यांना पटत नाहीये. कुणाकडे अशा निवेदनाचा नमुना असेल तर टाका.