मांस न खाणाऱ्याच्या मेंदूत टेपवर्मची गाठ कशी?

प्रश्न: घर माळकऱ्यांचं. भावाला फिट आली, एमआरआयमध्ये मेंदूत टेपवर्मची (फितीसारख्या जंताची) गाठ निघाली. कोबीतून गेली का? नाशिकला भाजी थेट मळ्यातून येते, मग धुवायची तरी कशी?

मळेवाला: कोबीत अळी असते, टेपवर्म नव्हे. कच्चं डुकराचं मांस खाल्लं तर आतड्यात कृमी वाढतो. मेंदूत गाठ होते ती या कृमीच्या अंड्यांमुळे, आणि अंडी येतात माणसाच्याच विष्ठेतून: सांडपाण्यावरची भाजी, न धुतलेले हात. मेथी-कोथिंबिरीची जुडी सोडा, मुळं कापा, काडी-काडी वाहत्या नळाखाली चोळा. मिठाच्या पाण्याने अंडी मरत नाहीत, चोळल्याने निघून जातात. शिजवलं की मात्र मरतात. म्हणून खरी काळजी कोशिंबिरीची आणि वरून भुरभुरलेल्या कोथिंबिरीची.

लॅबवाली ताई: भाजीइतकंच घरातलं माणूसही तपासा. रांधणाऱ्या प्रत्येकाची शौच-तपासणी, वेगवेगळ्या 3 दिवसांचे नमुने. अंडी रोज पडत नाहीत. शौचात चपट्या पांढऱ्या फितीचा तुकडा दिसला तर तोही डबीत आणा.

डॉक्टर, कॉलेज रोड: कळकळीने सांगतो, जंताची गोळी मनाने देऊ नका. अल्बेंडाझोलने, म्हणजे त्याच जंताच्या गोळीने, गाठ मरताना भोवती सूज येते, फिट वाढू शकते. म्हणून सोबत स्टेरॉइड लागतं आणि आधी डोळ्यांचा पडदा तपासतात. तिथे गाठ असेल तर नजर जाऊ शकते. फिटची गोळी एक दिवसही चुकवू नका.